तंबोऱ्याची तार आणि तुमची पट्टी



घरात तंबोरा आहे पण तो वाजत नाही, अशी घरं आपल्या लहान गावांत पुष्कळ सापडतील. सासऱ्यांनी भजनासाठी घेतलेला असतो, नाही तर मोठ्या दिरांनी गाणं शिकताना आणलेला. खोळ घालून कोपऱ्यात उभा. दिवाळीच्या साफसफाईत धूळ झटकायची, एवढाच काय तो त्याच्याशी संबंध. घरच्या सुनेला गाणं येत असतं, माहेरी दोन-तीन परीक्षाही दिलेल्या असतात. पण इथे बसून सूर लावला की आवाज खाली कुठे तरी बुडतो. मग ती मनाशी ठरवून टाकते, ‘लग्नानंतर आपला गळा गेला, बाई!’

गळा इतक्या सहजासहजी जात नाही हो. बऱ्याच वेळा तंबोराच तुमच्या पट्टीचा नसतो, नाही तर त्याच्या तारा चुकलेल्या असतात.

पुरुष साधारणपणे काळी एकच्या आसपास गातात; बायका काळी चार, काळी पाचच्या आसपास. म्हणून मोठ्या भोपळ्याचा, लांब दांडीचा तंबोरा पुरुषांसाठी आणि लहान तंबोरा बायकांसाठी, अशी वाटणी झाली. तरी हा नियम दगडावरची रेघ नव्हे. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांचा आवाज घशाच्या दुखण्यानंतर भारदस्त झाला आणि त्या त्याच आवाजात आयुष्यभर गायल्या. पट्टी ज्याच्या-त्याच्या गळ्याची असते, एवढं लक्षात ठेवा.

आधी आपली पट्टी शोधा. सकाळी कोमट पाणी पिऊन, घरात गडबड नसताना पेटी घेऊन बसा. पेटी नसेल तर मोबाइलमधला तंबोरा चालेल. ज्या पट्टीत खाली मंद्र पंचमापर्यंत आणि वर तार गंधारापर्यंत ओढाताण न होता जाता येतं, ती तुमची पट्टी. एका दिवसात निकाल लावू नका. चार-पाच दिवस पाहा आणि मग वहीत लिहून ठेवा.

आता तारा. तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि चौथी खर्जाची. जोडी पोलादी असते, खर्ज पितळी किंवा काशाचा. मोठ्या तंबोऱ्यात पंचमाची तारही बहुधा पितळीच घालतात. लहान तंबोऱ्यात ती पोलादी असते.

तारेच्या जाडीला नंबर असतो आणि इथेच पुष्कळ जणी फसतात. नंबर वाढला की तार बारीक होते! २२ नंबरची तार ०.७१ मिलिमीटर जाड, २८ नंबरची ०.३८, तर ३० नंबरची ०.३१. जुनी तार किती नंबरची ते कळत नसेल तर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जा. तांब्याची तार मोजायचं माप त्यांच्याकडे असतंच. आपल्या तिरोड्यासारख्या गावात वाद्यांचं दुकान शोधावं लागेल, पण पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा हमखास सापडतो. मात्र तिथली तांब्याची तार किंवा लोखंडी बांधायची तार तंबोऱ्याला लावू नका. ती मऊ असते, ताणली की लांबत जाते, सुरात राहत नाही.

‘शेजारणीने ज्या नंबरची घातली, तीच मलाही द्या,’ असं म्हणून मात्र चालत नाही. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, जाडी आणि ताण. तिच्या तंबोऱ्याची लांबी वेगळी, तिची पट्टी वेगळी. घरात मुलगा ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत असेल तर त्याला विचारा, त्याचीही हीच रड असते. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने १९५१ मध्ये जो बेस आणला, त्याच्या तारेची वाजती लांबी ३४ इंच. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांच्या हातातला व्हायोलिनच्या आकाराचा जर्मन हॉफनर मात्र ३० इंची. दोघांना चारच तारा, सूरही तेच. पण आखूड बेसच्या तारा लांब बेसला पुरत नाहीत, आणि लांबच्या आखूडला चढवल्या तर जाड वेटोळ्यांचा भाग खुंटीवर गुंडाळला जाऊन तार खराब होते. म्हणून आधी वाद्य मोजायचं, मग तार मागायची.

मग सासऱ्यांचा काळी एकचा तंबोरा काळी चारला चढवता येईल का? आहे त्याच तारेने तेवढा सूर वर न्यायचा तर ताण सव्वादोन पट होतो. खुंट्या, दांडी, तबली, सगळ्यांवर तो भार येतो. बारीक तार घातली तर वाद्यावरचा भार हलका होतो, हे खरं. पण लांब दांडीवर तेवढा उंच सूर लावला की तार बारीक असो वा जाड, ती तुटण्याच्या काठावरच असते. लांबी काही कमी होत नाही ना! तेव्हा तार बदलून दोन-तीन पट्ट्या वर जाता येईल, फार पुढे नाही. तुमची पट्टी त्यात बसत असेल तर उत्तम. बसत नसेल तर लहान तंबोराच हवा.

इथेच घरात वाद सुरू होतो. ‘एक असताना दुसरा कशाला?’ आमच्या ओळखीतल्या एक बाई बरीच वर्षं सासऱ्यांच्याच तंबोऱ्यावर गात होत्या. खर्जाची तार तुटली तेव्हा मिळेल ती बारीक तार चढवली, ती नुसती फडफडायची. शेवटी त्यांनी गाणंच सोडलं. एकदा मुलीने मोबाइलवर काळी चार लावून दिली. बाई सहज गायल्या, तर आतून सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, तू गातेस होय? मला वाटलं रेडिओ लागला!’ पुढे भिशीचा नंबर लागला तेव्हा त्यांनी लहान तंबोरा घेतला. त्या महिन्यात घरात थोडी कुरकुर झाली. पण सासऱ्यांच्या चपला घालून आपण बाजारात जात नाही. मग त्यांच्या पट्टीत जन्मभर का गावं?

तारा किंवा तंबोरा कुठून आणावा, असं विचाराल तर मिरजेचं नाव आधी घ्यावं लागेल. फरीदसाहेब सतारमेकरांपासून तिथल्या शिकलगार घराण्यांनी हा धंदा जपला आहे. हत्यारांना धार लावणारे हात तंतुवाद्यांकडे वळले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले आणि हिराबाई बडोदेकरांचा जन्मही तिथलाच, १९०५ सालचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याला सोय अशी की गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस तिरोड्यावरून निघून थेट मिरज गाठते. आणि जाणं जमत नसेल तर पोस्ट किंवा कुरिअर आहेच.

लांबून तारा मागवताना एवढं करा. घोडीपासून वरच्या हाडी पट्टीपर्यंत, जिथवर तार वाजते तिथवर, टेपने सेंटिमीटरमध्ये लांबी मोजा. जुन्या चारही तारांचे बोटभर तुकडे जाड पुठ्ठ्यावर चिकटवा आणि प्रत्येकाखाली पहिली, दुसरी, तिसरी, चौथी असं लिहा. कागदावर तुमची पट्टी लिहा. पंचम लावता की मध्यम, तेही कळवा. आणि दोन संच मागवा. ऐन गणपतीत तार तुटली तर दुसरी हाताशी हवी.

तारा चढवताना चारही एकदम काढू नका. घोडी जागची हलते आणि जवारी बिघडते. एक काढायची, एक चढवायची. मणी ओवायला विसरू नका. खुंटी घसरत असेल तर ती काढून थोडा खडू चोळा. नवी तार पहिले दोन-तीन दिवस उतरतच राहते. घाबरून पिळत सुटू नका, थोडी थोडी चढवा. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत राहिलात की एका जागी आवाज एकदम खुलतो. ती जागा सापडली की थांबा.

आपल्या भागात पावसाळा दमट. तेव्हा ओल येणाऱ्या भिंतीला तंबोरा टेकवून ठेवू नका. गाणं झालं की कोरड्या मऊ फडक्याने तारा पुसा, बोटांच्या घामाने त्या गंजतात. पितळी तार काळवंडली म्हणून घरातल्या भांड्यांसारखी चिंच लावून घासायला मात्र जाऊ नका हं! महिना-दोन महिने गाणार नसाल तर तारा थोड्या उतरवून ठेवा.

एका संचाला लागणारे पैसे घरखर्चातून सहज निघतील. वेळ काढणं कठीण, ते मलाही ठाऊक आहे. तरी या आठवड्यात एवढं करा: खोळ काढा, टेप आणा, लांबी मोजा आणि सकाळी दहा मिनिटं आपली पट्टी शोधा. काळी चार निघाली की पांढरी पाच, ते पत्राने जरूर कळवा.