चौथ्या मितीची बुवाबाजी

चौथी मिती म्हणजे आत्म्यांचा मुलूख, चौथी मिती म्हणजे तुर्यावस्था, जागृती-स्वप्न-निद्रेपलीकडची चौथी अवस्था, ती फक्त ध्यानात दिसते! व्यासपीठावरून हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चार हा आकडा दोन्हीकडे आला, एवढ्या भांडवलावर बुवांनी भूमितीचा अख्खा प्रांत बळकावलाय आणि समोर बसलेले इंजिनियर माना डोलावतात.

धंदा जुनाच आहे. 1877 साली लायपझिगचा खगोलभौतिकीचा प्राध्यापक झोलनर हा हेन्री स्लेड नावाच्या, आत्म्यांशी बोलतो म्हणणाऱ्या ‘माध्यमा’च्या नादी लागला. टोकं सीलबंद केलेल्या दोरीत गाठी पडल्या आणि झोलनरने त्या चौथ्या मितीतल्या शक्तींच्या नावावर जमा केल्या. यातलं गणित खरं आहे. चौथी दिशा मोकळी असेल तर दोरीचा एक पदर तिकडे सरकवून दुसऱ्याच्या पलीकडे नेता येतो, न कापता गाठ पडते किंवा सुटते. पण आदल्याच वर्षी लंडनच्या कोर्टात फसवणुकीच्या आरोपाखाली उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातांकडे बघायला नको?

चौथ्या मितीसाठी कुणाचं नाव घ्यायचंच तर अ‍ॅलिशिया बूल स्टॉटचं घ्या. गणितज्ञ जॉर्ज बूलची ही मुलगी कॉलेजची पायरी चढली नव्हती. संसार, दोन मुलं सांभाळून तिने चतुर्मितीय आकृत्यांचे छेद पुठ्ठ्यात उभे केले. ग्रोनिंगेनचे प्राध्यापक स्खाउटे त्याच छेदांवर काम करत होते. दोघांचं जुळलं आणि 1914 मध्ये त्या विद्यापीठाने तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली. समाधी नाही, साक्षात्कार नाही. अख्खी आकृती कुणालाच एका नजरेत दिसत नाही, म्हणून छेद घ्यायचे.

बटाट्याचा घन घ्या आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे काप काढत जा. आधी त्रिकोण, तो वाढतो, त्याचे कोपरे छाटले जातात, बरोबर मध्यावर सुसम षटकोन, मग पुन्हा त्रिकोणाकडे. चौथ्या मितीतल्या घनाचे, टेसरॅक्टचे, असेच काप काढले तर प्रत्येक काप भरीव निघतो: इवलासा चतुष्फलक, तो वाढतो, त्याचे कोपरे छाटले जातात, मध्यावर सुसम अष्टफलक, आणि उलट्या क्रमाने परत.

हे शाळेत का सांगत नाहीत? पोराने विचारलं की सर म्हणतात, ‘‘चौथी मिती म्हणजे काळ. बस खाली.’’ गणितज्ञ मिन्कोव्स्कीने 1908 साली काळ अवकाशाला जोडला, पण त्याच्या अंतराच्या सूत्रात काळाचं चिन्ह बाकीच्या तीन दिशांपेक्षा वेगळं पडतं. पोर विचारत होतं चौथ्या दिशेबद्दल. वर्गात तोंड बंद केलेलं हेच पोर पुढे बुवाच्या मांडवात जाऊन बसतं, आणि त्याचं पाप या सरांच्या माथी आहे. खरं तर उत्तर फळ्यावरच होतं: बाजू 1 असेल तर चौरसाचा कर्ण √2, घनाचा √3, टेसरॅक्टचा √4, म्हणजे नेमका 2. पायथागोरस तर शिकवताच ना? मग आणखी एक पायरी फळ्यावर लिहायला काय जातं?