बंदी कागदावर, पुडी हातात

नालासोपाऱ्याच्या कामगार नाक्यावर सकाळी उभे राहून पाहा. बिगारी, गवंडी, घमेली वाहणाऱ्या बाया कामाची वाट पाहत असतात. पोटात चहापलीकडे काही नसते. भूक मारायला कोणाच्या ओठाखाली तंबाखू, तर कोणाच्या बोटावर मिश्री. कर्करोगकारक पदार्थांचा विषय निघाला की सुशिक्षितांची चर्चा प्लॅस्टिकचे डबे आणि खाद्यरंगांवर होते. तीही व्हावी. परंतु आमच्या वस्त्यांत हा रोग पुडीतून येतो, हे आधी सांगितले पाहिजे.

विज्ञानाने यात शंका ठेवलेली नाही. तंबाखूत नायट्रोसमाइन्स असतात. मिश्रीसाठी ती तव्यावर भाजली की बेंझोपायरीनसारखी आणखी विषे तयार होतात. 'आमच्यात तंबाखू नाही, नुसती सुपारी' म्हणणाऱ्यांनीही ऐकावे : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारी चघळून तोंड उघडेनासे होते, ती पुढच्या संकटाची सूचना असते.

मग कायदा काय करतो? तंबाखूयुक्त दंतमंजनावर केंद्राने १९९२ साली बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती उचलून धरली. पण बाईने घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला ही बंदी शिवतही नाही. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटखा बंद केला. तसा अधिकारच नाही म्हणून २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पुढे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी आणली. एकेका वर्षाचे आदेश निघत राहिले. तरी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गुटख्याचे टेम्पो पकडल्याच्या बातम्या येतच राहिल्या. पकडला जातो चालक, दंड भरतो टपरीवाला. माल बनवणारा आणि पाठवणारा मालक कोठे असतो? आरोपपत्रात त्याचे नाव का नसते? हा प्रश्न आम्ही वकील म्हणून विचारतो.

दुसरीकडे, 'हे खा, कर्करोग टळेल' अशा जाहिरातींचा सुळसुळाट झाला आहे. कर्करोग हमखास रोखणारा एकही पदार्थ नाही. फळे-भाज्यांनी धोका कमी व्हायला मदत होते. पण तंबाखू-सुपारी सोडण्याची बरोबरी कशालाच नाही. वसईच्या वाड्या केळी आणि भाजीसाठी नावाजलेल्या. त्याच वसईत नाक्यावरच्या मजुराला पुडी परवडते, फळ परवडत नाही. याला केवळ व्यसन म्हणायचे की व्यवस्थेचा गुन्हा?

संविधानाच्या कलम ४७ ने पोषणमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य सांगितले आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तोंडाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमातच आहे. वसई-विरार महापालिकेने ती नाक्यावर, कामगार कामाला जाण्यापूर्वी, करावी. परळच्या टाटा रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत गरिबाचा आजार फार पुढे गेलेला असतो. तोंडातला पांढरा चट्टा, न भरणारी जखम लवकर दिसली, तर जीव वाचतो.

बंधूंनो, भगिनींनो, ही तपासणी मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे. तो मागू या. आणि मागताना खिशातली पुडी आधी फेकू या.