शंभराचे एकशे साठ



डाळिंबाचे चार पैसे हाती आले, की आपल्या आटपाडीकडची मंडळी यात्रेला निघतात. काशी करायची, गोरखपूरवरून सोनौलीची हद्द ओलांडायची आणि पशुपतिनाथ, मुक्तिनाथ गाठायचे. अशाच एका गाडीत मीही होतो. हद्दीवर आपल्या १०० रुपयांना नेपाळचे १६० मिळाले. "साहेब, हितं तर आपण सावकारच झालो की!" शेजारच्या आजी म्हणाल्या.

हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. तिथले बाजारभावही त्याच हिशेबाने लागतात. पायलीऐवजी मापट्याने मोजले म्हणून रास वाढत नाही, तशातली ही गोष्ट.

पुढे काठमांडूत आजींनी शाली पाहिल्या. दुकानदार म्हणाला, एकीचे ८००. आजींनी आपलेच ८०० मोजले, तेही चार शालींचे. तो भाव नेपाळी होता, म्हणजे आपले ५००. एका शालीमागे ३०० प्रमाणे १२०० रुपये जादा गेले. खुरपणीला चार बायका लावता आल्या असत्या! तिकडे आपल्या रुपयाला 'आयसी' आणि त्यांच्या रुपयाला 'एनसी' म्हणतात. भाव कशातला, एवढेच विचारायचे होते. बी.एस्सी. झालेला मी शेजारी उभा होतो, पण मलाही ते सुचले नाही.

नेपाळातले लोकही उलट आपल्या हद्दीत कपडा, किराणा घ्यायला येतात. दर बांधलेला असल्याने तो फरक मुख्यतः जकात आणि करांचा. २०२३ साली नेपाळने १०० नेपाळी रुपयांवरच्या मालाला जकात सक्तीने घ्यायला सुरुवात केली, तेव्हा हद्दीवरची गोरगरीब कुटुंबे फार चिडली होती.

दर मोकळा असला की गोष्ट निराळी. जपानचा येन २०२१ मध्ये डॉलरला ११० च्या आसपास होता, तो २०२४ मध्ये १६० पर्यंत उतरला. तिथले भाव त्या मानाने वाढले नाहीत. परदेशी पाहुण्याला सगळा बाजार स्वस्त झाला आणि त्या वर्षी साडेतीन कोटींहून अधिक प्रवासी जपानला गेले.

याच तागडीचे दुसरे पारडे आपल्या बागेत आहे. बांगलादेश हे आपल्या डाळिंबाचे मोठे गिऱ्हाईक. २०२२ मध्ये त्यांचा टका डॉलरला ८६ वरून १०० च्या पलीकडे घसरला, वर फळांवरचा आयात करही वाढला. आपल्या बांधावरचा भाव तोच राहिला, तरी ढाक्याच्या गिऱ्हाइकाला फळ महाग पडू लागले. मग व्यापारी इकडे भाव पाडून मागणार, हे ओघाने आलेच.

यात्रेकरूंसाठी आणखी एक. नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या १०० च्या वरच्या नोटांना बंदी घातली होती. असे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी कोणत्या नोटा चालतात ते बँकेत विचारा आणि सुटे पैसे कमरेला बांधा.