जुन्या संगणकाची राखण

दुकानातून निवृत्त झालेला संगणक घरी आला की तो साऱ्या कुटुंबाचा होतो. सकाळी त्यावर उधारीची खाती पाहिली जातात, दुपारी बँकेचे व्यवहार होतात आणि संध्याकाळी मुले खेळायला बसतात. यंत्र मंद झाले की दोन सल्ले हमखास मिळतात : अँटिव्हायरस काढून टाका, किंवा आणखी एक चांगला बसवा. दोन्ही सल्ले टाळावेत.

अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना ती तपासतो. असे दोन तपासनीस एकाच वेळी ठेवले, तर तीच फाइल दोनदा तपासली जाते, दोघे एकमेकांवरही संशय घेतात आणि यंत्र रखडते. विंडोज १० मध्ये डिफेंडर मूळचाच असतो. घरगुती वापरास तो पुरेसा आहे आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. मंदपणाचे खरे कारण बहुधा दुसरीकडे सापडते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप’ या भागात संगणकासोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते. कधीतरी घेतलेल्या आणि आता बंद पडलेल्या प्रिंटरचा प्रोग्रॅमही तेथे रोज हजेरी लावत असतो. अशी नावे बंद करावीत. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर जुन्या यंत्राला जो वेग येतो, तो अँटिव्हायरस काढून कधीच येणार नाही.

अपडेट थांबवणे ही मात्र घातक काटकसर होय. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिले होते. ज्यांनी ते बसवले नव्हते, त्यांच्यावर आपत्ती कोसळली. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची स्वतंत्र योजना आहे, पण तिच्यात नाव नोंदवावे लागते. विंडोज ७ वर तर बँकेचे व्यवहार करूच नयेत. त्याचे अपडेट २०२० च्या जानेवारीतच संपले आहेत. त्याला केवळ हिशेब पाहण्यापुरता, इंटरनेट न जोडता ठेवावा.

सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित उपाय म्हणजे खाती वेगळी करणे. व्यवस्थापकाचे म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते एकच असावे आणि त्याचा पासवर्ड कर्त्या व्यक्तीजवळ राहावा. रोजचे काम, मुलांचे खेळसुद्धा, साध्या खात्यातून चालावे. मग खेळाच्या नावाखाली आलेला प्रोग्रॅम विंडोजच्या मुळाशी हात घालू पाहील, तेव्हा आधी पासवर्ड मागितला जाईल. यंत्राचा वेग याने तसूभरही घटत नाही. फुकटात मिळवलेली हिशेबाच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत हाही याच प्रकारचा धोका आहे. ती बसवणारा बहुतेकदा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. गिऱ्हाइकाला पै-पैचा हिशेब देणाऱ्या दुकानाच्या चोपड्या अशा प्रतीवर लिहिल्या जाव्यात, हे काही शोभणारे नाही.

इतके करूनही यंत्र एक दिवस बंद पडेल, याची तयारी हवी. उधारीची खाती पुसली गेली, तर कोणाकडून किती येणे आहे हे गिऱ्हाइकालाच विचारायची वेळ येते. म्हणून दर आठवड्याला खात्यांचा बॅकअप बाह्य डिस्कवर घ्यावा आणि काम होताच ती काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच झपाट्यात कुलूपबंद करतो. दोन डिस्क घेऊन आलटून पालटून वापरल्यास अधिक बरे. तीन महिन्यांतून एकदा त्या बॅकअपमधील खाती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावीत. न उघडणारा बॅकअप पुष्कळांच्या कपाटात वर्षानुवर्षे निश्चिंत पडून असतो.