हरकतीला उत्तर हवे

रस्त्याच्या कडेला गाडी उभी करण्याचा दर, पदपथाची रुंदी, बससाठी वेगळी मार्गिका, ॲपवरून मिळणाऱ्या टॅक्सीचे भाडे या गोष्टी मूळ कायद्याच्या कलमांत क्वचितच सापडतात. त्या ठरतात धोरणांत आणि मार्गदर्शक तत्त्वांत. म्हणूनच ही तत्त्वे स्वीकारण्यापूर्वी सार्वजनिक संस्थेने प्रारूप जाहीर करावे, हरकती-सूचना मागवाव्यात आणि सुनावणी घ्यावी, अशी अपेक्षा असते. या अपेक्षेवर प्रशासनाच्या बाजूने तीन आक्षेप घेतले जातात. सुनावणीत वेळ जातो. वाहतूक हा तज्ज्ञांचा विषय असल्याने सामान्य माणसाला त्यातले कळत नाही. आणि सुनावणीला शेवटी येतात ते हितसंबंधी लोकच. नागरिकांच्या बाजूनेही एक आक्षेप आहे, तो म्हणजे हे सारे नाटक असते, निर्णय आधीच झालेला असतो. हा चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे.

विलंबाच्या आक्षेपाला मुंबईच्या विकास आराखड्याने उत्तर दिलेले आहे. 2034 सालापर्यंतच्या या आराखड्याचे प्रारूप फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. सद्य भूवापराच्या नकाशांतील चुका नागरिकांनी त्याआधीच दाखवून दिल्या होत्या. तरी उभ्या इमारतींवरून जाणारे रस्ते आणि यादीतून गळालेल्या वारसा वास्तू प्रारूपात आल्याच. हरकतींचा पूर आला आणि एप्रिल 2015 मध्ये राज्य सरकारने ते प्रारूप बाजूला ठेवायला लावले. सुधारित प्रारूप 2016 मध्ये आले आणि मंजुरी 2018 मध्ये मिळाली. हा काळ हरकतींनी खाल्ला, असे म्हणणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. चुका वेळीच ऐकून दुरुस्त न केल्याची ती किंमत होती. ऐकण्याला वेळ लागतोच, पण तो नकाशा कागदावर असताना द्यायचा की रस्ता खणल्यावर, एवढाच प्रश्न उरतो.

तज्ज्ञतेच्या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. डांबराचा थर किती जाड असावा, पुलाचा खांब किती भार पेलेल, हे सुनावणीत ठरवायचे नसते. मात्र वाहतुकीच्या मार्गदर्शक तत्त्वांत अभियांत्रिकीच्या आड मूल्यनिर्णय दडलेले असतात. कॅलिफोर्नियाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तिथे एखाद्या प्रकल्पाचा वाहतुकीवरील परिणाम पर्यावरण कायद्याखाली तपासताना चौकात गाड्यांना किती थांबावे लागते, हे वर्षानुवर्षे मोजले जात असे आणि त्यावरून ‘ए’ ते ‘एफ’ अशी श्रेणी दिली जाई. मोजमाप दिसायला निव्वळ तांत्रिक. परिणाम मात्र असा की बस किंवा सायकलसाठी मार्गिका काढली आणि मोटारी थोड्या खोळंबल्या, तर ती पर्यावरणाची हानी ठरे. शहराबाहेर मोकळ्या रस्त्यालगत घरे बांधली, तर त्या चौकाची श्रेणी चांगलीच राही, मग तिथले रहिवासी रोज कितीही लांब गाडी हाकोत. सॅन फ्रान्सिस्कोचा सायकल आराखडा पर्यावरणीय तपासणी पुरेशी झाली नाही या कारणावरून न्यायालयाच्या आदेशाने 2006 ते 2010 अडकून पडला होता. कोणाचा वेळ मोजायचा आणि कोणाचा नाही, याचे उत्तर कोणत्याही अभियांत्रिकी पाठ्यपुस्तकात नाही. ते लोकांनाच विचारावे लागते.

शिवाय वापराचे ज्ञान हेही ज्ञानच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर आणि उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर असावी. आकडे योग्यच आहेत. पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात रस्त्यावर उतरून पाहावे. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी पदपथ गाडीसाठी तोडलेला असतो; पुढे विजेचा डीपी बॉक्स, त्यापुढे झाडाचा चौथरा, मग पुन्हा फाटक. गुडघे दुखणाऱ्या आजीबाई तीन-चार वेळा चढ-उतार केल्यावर पदपथ सोडून रस्त्याच्या कडेने चालू लागतात. फाटकापाशी पदपथ तोडू नये, गाडीनेच वर चढून जावे, ही सूचना करायला पदवी लागत नाही, रोजचे चालणे लागते. पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, त्यामागे पादचाऱ्यांसाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या नागरिकांचा रेटा होता, हे विसरता येत नाही.

हितसंबंधी लोकच येतात, हा तिसरा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पुण्याच्या पार्किंग धोरणाचे काय झाले ते पाहावे. रस्त्यावर गाडी उभी करण्यासाठी पैसे आकारावेत, असे हे धोरण मार्च 2018 मध्ये मुख्य सभेपुढे आले, तेव्हा वाहनधारकांच्या बाजूने आंदोलने झाली. शेवटी मंजुरी मिळाली ती मोजक्या रस्त्यांवर प्रायोगिक अंमलबजावणीची, आणि धोरण रेंगाळले. गाड्यांच्या रांगेमुळे ज्यांना फुटपाथ सोडून वाहनांमधून वाट काढावी लागते, त्यांचा आवाज त्या गदारोळात ऐकू आला नाही. पण यावरून सुनावणीच बंद करावी, असा निष्कर्ष निघत नाही. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी, मुख्यालयात सुनावणी ठेवली आणि प्रारूप इंग्रजीत संकेतस्थळाच्या कोपऱ्यात टाकले, तर धुणीभांडी करून बसने घरी परतणारी बाई येणार कुठून? तिच्याकडे संस्थेने जायला हवे: बस डेपोत, मंडईत, क्षेत्रीय कार्यालयात, संध्याकाळी आणि मराठीत. मार्च 2022 नंतर राज्यातल्या मोठ्या महापालिकांत दीर्घकाळ प्रशासकांचा कारभार होता. नगरसेवकाचे दार त्या काळात बंद असल्याने या वाटेचे मोल आणखी वाढले होते.

हरकती म्हणजे मतदान नव्हे, हेही इथेच स्पष्ट करायला हवे. छापील पत्राच्या हजार प्रती आल्या, तरी त्यातला मुद्दा एकच असतो आणि त्याला एकच उत्तर पुरते. उलट एकट्या अंध नागरिकाने सिग्नलच्या आवाजाविषयी केलेली सूचना संख्येने एक असली, तरी धोरण बदलण्याइतकी वजनदार असू शकते. संस्थेने तोलायचा असतो तो मुद्दा.

उरतो चौथा आक्षेप. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचे प्रारूप 2013 मध्ये आले, तेव्हा ऐंशी हजारांहून अधिक हरकती नोंदल्या गेल्या. नगररचना कायद्याच्या कलम 28 नुसार नियोजन समितीने सुनावणी घ्यावी आणि अहवाल द्यावा, एवढी तरतूद आहे. 2015 मध्ये राज्य सरकारने तो आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि जानेवारी 2017 मध्ये मंजूर केला. आपल्या हरकतीचे पुढे काय झाले आणि का, हे हरकतदाराला या प्रवासात मुद्देसूद कळण्याची सोय नसते. पोच मिळते, सुनावणीची तारीख मिळते, उत्तर मिळत नाही. लोक नाटक म्हणतात ते यामुळे, आणि त्यांचे काही चुकत नाही.

वाहतुकीच्या मार्गदर्शक तत्त्वांची स्थिती तर याहून नाजूक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 212 प्रमाणे नियम करायचा असेल, तर त्याची पूर्वप्रसिद्धी बंधनकारक आहे. पण कागदाच्या शिरोभागी ‘नियम’ऐवजी ‘मार्गदर्शक तत्त्वे’ असे लिहिले, की हे बंधन त्याला आपोआप लागू होत नाही. टॅक्सी ॲप कंपन्यांसाठी केंद्राने नोव्हेंबर 2020 मध्ये दिलेली तत्त्वे याच प्रकारची होती. चालक आणि प्रवासी या दोघांच्याही खिशाशी संबंध असलेला दस्तऐवज केवळ नावामुळे सैल नियमांखाली जावा, हे समर्थनीय नाही.

उपाय अवघड नाही आणि तो चालतो. कॅलिफोर्नियाने 2013 मध्ये एसबी 743 हा कायदा करून मोजमाप बदलायचे ठरवले. चौकातल्या खोळंब्याऐवजी प्रकल्पामुळे गाड्या एकूण किती मैल धावतील, हे मोजायचे. तत्त्वांचे पहिले प्रारूप 2014 मध्ये आले, सुधारित 2016 मध्ये आणि अंतिम स्वीकार डिसेंबर 2018 मध्ये झाला. तिथल्या कायद्यानुसार नियम अंतिम करताना संस्थेला कारणांचे निवेदन द्यावे लागते: प्रत्येक आक्षेपाचा सारांश, त्यानुसार मसुद्यात काय बदलले, आणि बदलले नसेल तर का नाही. या प्रवासात एक माघारही झाली. रस्ते वाढवण्याच्या प्रकल्पांना कोणते मोजमाप लावायचे, ते संबंधित संस्थेवर सोडले गेले. पण वादाच्या दोन्ही बाजू कागदावर राहिल्याने विषय मिटला नाही. 2020 मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने महामार्ग प्रकल्पांसाठी नवे मोजमाप स्वतःहून स्वीकारले. लेखी कारण असले की चुकीचा निर्णयही पुढे दुरुस्त करता येतो.

भारतात यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायचे कारण नाही. केंद्राच्या 2014 च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणात मसुदा किमान 30 दिवस जनतेसमोर ठेवण्याची आणि आलेल्या प्रतिक्रियांचा सारांश संकेतस्थळावर देण्याची अपेक्षा आहे. महापालिका, परिवहन महामंडळे आणि प्राधिकरणे यांनी वाहतुकीच्या प्रत्येक धोरणाला हीच शिस्त लावून घ्यावी, आणि पुढचे पाऊल म्हणून मुद्देनिहाय उत्तरांचा तक्ता मंजुरीच्या ठरावासोबतच प्रसिद्ध करावा. तक्ता नसेल, तर मुख्य सभेने किंवा संचालक मंडळाने प्रस्ताव परत पाठवावा.

नागरिकांनीही हरकत नोंदवताना प्रारूपातील कलमाचा क्रमांक लिहावा, पोच घ्यावी आणि निर्णयानंतर कारणे मागावीत. महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित तथ्ये प्रसिद्ध करणे आणि निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देणे, हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 ने सार्वजनिक प्राधिकरणांचे कर्तव्य ठरवले आहे, आणि ते 2005 पासून लागू आहे.