वारुळावरील अळंबी व रुपयाची परीक्षा

आषाढाची झड उघडून दोन दिवस ऊन पडलें कीं, चिखलदऱ्याच्या उतरणीवरील रानांत वारुळांच्या भोंवतीं पांढरीं भूछत्रें उगवतात. जाणत्या कोरकू स्त्रिया तीं निवडून नेतात. तें पाहून आपल्यापैकीं कित्येक शेतकरी दिसेल तें छत्र घरीं आणितात. हा प्रघात घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

भाजींत चांदीचा रुपया टाकावा, तो काळा पडला तरच अळंबी विषारी, अशी समजूत आहे. महसूलखात्याच्या नोकरींत असतांना आम्हीही एकदां तिजवर विसंबलों. गोठ्यामागील गवतांतलीं मोठीं छत्रें रांधलीं, वडिलांच्या वेळचा रुपया टाकला. रुपया लखलखीत राहिला, आणि दोन तासांत घरांतील सर्व मंडळी वांतीनें हैराण झाली! त्या जातीच्या छत्राखालील पातळ पट्ट्या जून झाल्यावर हिरवट होतात, हें मागाहून कळलें.

छत्र रात्रीं कागदावर पालथें ठेवावें. सकाळीं पडलेली पूड हिरवट दिसली तर टाकून द्यावें. वारुळावरील अळंबीची पूड फिकट गुलाबी असते, टोपीच्या मध्यें टोंक असतें, व देठ मुळीसारखा खोल जाऊन वारुळाच्या पोटांत भिडतो. म्हणून उपटूं नये, खणून पाहावें. सर्व खुणा जुळल्या तरी जाणत्यास दाखविल्यावांचून खाऊं नये. कांहीं जातींचें विष ६ ते २४ तास कळतही नाहीं. मग वांती होऊन थांबते, माणूस बरा वाटतो, पण आंत यकृत नासत असतें. उरलेली अळंबी सोबत घेऊन तत्काळ दवाखाना गांठावा.

आतां वारुळाविषयीं. लांकडाचा कठीण अंश एकट्या वाळवीस पचत नाहीं. ती काटक्या व पालापाचोळा खाऊन आंत पोळ्यासारखे थर रचते, त्यांवर बुरशी वाढविते. बुरशी तो अंश मोडते व वाळवी तेंच खाते. भूछत्र हें त्या बुरशीचें फळ होय. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनीं १९४२ सालीं या वर्गास टर्मिटोमायसीस असें नांव दिलें. सागाचा जाड पाला मातीस मिळतो, त्यांत या जोडीचा मोठा वांटा आहे.

संत्र्याच्या खोडास किंवा घराच्या तुळईस वाळवी लागली तर बंदोबस्त करावाच. परंतु रानालगतच्या धुऱ्यावरील जुनें वारूळ औषध ओतून उखडण्याची हौस आम्हांस पसंत नाहीं. आमच्या धुऱ्यावर असें एक वारूळ राखलें असून, त्याच्याजवळ नांगर जाऊं देत नाहीं. गड्यांस तें अजूनही विचित्र वाटतें.