सव्वा महिन्याची वाट पाहू नका

मैत्रिणींनो, दिवस भरण्याआधीच बाळ झालं, काचेच्या पेटीत राहून घरी आलं, की सगळ्यांचं लक्ष त्याच्या वजनाकडे! डोळ्यांचा विचार कुणाच्या मनातही येत नाही. दिव्याकडे बघतंय ना, मग झालं!

पण डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या गर्भाच्या चौथ्या महिन्यात वाढू लागतात आणि पार कडेपर्यंत पोचायला त्यांना पुरे नऊ महिने लागतात. बाळ लवकर आलं तर हे काम अर्धंच राहतं. मग कधीकधी त्या वेड्यावाकड्या वाढतात, पडदा ओढला जाऊन सुटतो आणि दृष्टी कायमची जाते. वरून मात्र डोळा अगदी टपोरा दिसतो, बरं का!

म्हणून ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोहून कमी वजनाच्या बाळाचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासून घ्याच. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमहून हलकं असेल, तर दोन-तीन आठवड्यांतच.

सासूबाई म्हणतील, "सव्वा महिना बाळ-बाळंतिणीनं उंबरा ओलांडू नये." त्यांना गोडीनं सांगा, "आई, तेवढ्यात ते तीस दिवस निघून जातील हो!"

तपासताना बाळ रडेल, पण थोडाच वेळ. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं तर जाच. वेळेवर लेझर केलं तर बहुतेक बाळांची दृष्टी वाचते. आणि हो, काजळ नकोच.

बारसं पुढे ढकलता येतं. ही तारीख नाही.